बडोद्यातून हेगला एक अर्ज

(न्यायमंदिर, सकाळ. सूरसागराच्या पाण्यावरून कॅमेरा वर जातो.)

कोर्ट म्हटलं की जुन्या बडोदेकराला अजून हीच इमारत आठवते. न्यायमंदिर. 1896 मधलं, आराखडा रॉबर्ट चिझमचा. आता कोर्ट इथून हललं, वकीलमंडळी नव्या संकुलात गेली आणि त्यांच्या मागोमाग लॉची मुलंही. कारण बहुतेकांची इंटर्नशिप तिथंच होते. सीनिअरच्या फायली लावायच्या, अर्जाच्या झेरॉक्स काढायच्या, पुढची तारीख डायरीत टिपायची. बार कौन्सिलच्या नियमानं पाच वर्षांच्या कोर्सला किमान 20 आठवडे लागतात, तीन वर्षांच्या कोर्सला 12. तेवढे भरले की सुटलो, असं मुलं उघडच म्हणतात.

या मुलीला मात्र आंतरराष्ट्रीय कायद्यातच इंटर्नशिप हवी आहे.

(दांडिया बाजार. अरुंद जिना.)

दांडिया बाजारातलं हे तिचं घर. जिना असा, की आमच्या कॅमेरामनला ट्रायपॉड खालीच ठेवावा लागला. वरच्या खोलीत आजीचं शिलाई मशीन. झाकण लावलं की तेच हिचं टेबल. त्यावर लॅपटॉप, प्रिंटआउट आणि वाटीत लीलो चेवडा. तेलकट बोट कागदाला लागू नये म्हणून पानं ती पेन्सिलीच्या टोकानं उलटते.

अर्जासोबत रायटिंग सॅम्पल जोडावं लागतं. मार्क सगळ्यांनाच असतात. मूळ कागद वाचून स्वतःचं काही मांडता येतं का, ते या चार-पाच पानांत कळतं. हिनं विषय घेतलाय पोर्तुगाल विरुद्ध भारत. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातला खटला, निकाल 12 एप्रिल 1960.

(क्लोज-अप: निकालाची प्रिंट, समासात शिसपेन्सिलीच्या खुणा.)

हा खटला मराठी घरात सांगायचा तर सुरुवात 1954 पासून करावी लागते. दादरा आणि नगर हवेली तेव्हा पोर्तुगीजांकडे. दमणहून तिकडं जायचं तर वाट भारताच्या हद्दीतून. त्या वर्षीच्या पावसाळ्यात स्वयंसेवकांनी आधी दादरा सोडवलं, मग नगर हवेलीतलं सिल्वासा. त्यांत मराठी तरुण पुष्कळ होते, सुधीर फडक्यांसारखा संगीतकारही होता. पोर्तुगालला फौज धाडायची होती, भारतानं वाट दिली नाही. डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगाल थेट हेगला गेला.

आजोबा तेव्हा शाळेत होते.

“आजोबा, हेगला केस चालली ते ठाऊक होतं तुम्हाला?”

“केस कसली गं? सिल्वासा सुटलं, पेढे वाटले. एवढंच.”

मागं जी बातमी घरोघर पेढ्यांवर संपली, तिच्यावर पुढं न्यायाधीशांची मतं किती फुटली ते या पानांत आहे. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्या-येण्याचा हक्क पोर्तुगालला होता: 11 विरुद्ध 4. फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता: 8 विरुद्ध 7. भारतानं आपली जबाबदारी मोडली नाही: 9 विरुद्ध 6. भारताकडून तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते, न्यायाधीश म्हणून बसले होते एम. सी. छागला.

पहिल्या मसुद्यात हिनं निकाल नुसता सांगितला होता. कॉलेजच्या मॅडमनी लाल पेनानं लिहिलं, “कोण जिंकलं ते सगळ्यांना माहीत आहे. आठ-सात का झालं, ते लिही.” आता सबंध सॅम्पल त्या एका मतावर उभं आहे. मूळ निकाल, मग विरोधी न्यायाधीशांची लेखी मतं, मग तळटीप. प्रत्येक तळटीप मूळ पानाशी ताडून पाहायची. इंटर्न झाल्यावर काम हेच असतं. भाषणं करायला कोणी बोलावत नाही. संदर्भ तपासायचे, टिपण लिहायचं, साहेबाला दोन पानांत द्यायचं.

(विद्यापीठ. हंसा मेहता ग्रंथालय, वाचनकक्ष.)

विद्यापीठाच्या या ग्रंथालयाला नाव हंसा मेहतांचं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी. 1948 च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात स्त्रिया निःसंदिग्धपणे याव्यात, हा आग्रह त्यांचा, आणि तो मान्य झाला. ग्रंथालयात रोज येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, ते आम्ही विचारलं. उत्तरं तुम्ही पडद्यावर पाहताच आहात.

(लॅपटॉपचा पडदा. अर्जांची यादी.)

अर्ज कुठं कुठं? दिल्लीत भगवानदास रोडवर इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ, 1959 ची संस्था. चाणक्यपुरीत आशियाई-आफ्रिकी देशांची कायदा सल्लागार संघटना, बांडुंग परिषदेनंतर 1956 मध्ये निघालेली. आणि सगळ्यात वर, तारांकित, हेग. तिथलं चित्रण आमच्याकडे नाही. हा शांती महाल, म्हणजे त्या न्यायालयाची इमारत, तिच्या वॉलपेपरवरचा.

वर्गात हेग सगळ्यांना माहीत आहे ते पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधवांमुळे. 2019 चा निकाल, 15 विरुद्ध 1. भारताचे वकील हरीश साळवे, फी एक रुपया. इंटर्नला बहुतेक ठिकाणी तो एक रुपयाही मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नला पगार नाही. राहणं, जेवण, विमान, व्हिसा, सगळं घरचं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाची फेलोशिप जवळजवळ वर्षभराची, पण तिथं विद्यार्थ्यानं परस्पर अर्ज करून भागत नाही. नाव विद्यापीठानं पाठवायचं आणि खर्चाची तजवीजही विद्यापीठानं करायची, अशी मूळ रीत. विकसनशील देशांतल्या विद्यापीठांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर 2020 मध्ये निधी मंजूर केला, म्हणून दार थोडं किलकिलं झालं. नाव मात्र अजूनही विद्यापीठानंच पाठवायचं आहे.

(सयाजीबाग. संध्याकाळ.)

1913 मध्ये याच बडोदा संस्थानानं भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला धाडलं. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. दरबारानं हिशेब केला आणि पैसे दिले. बडोद्यानं परदेशी शिक्षणाचा खर्च उचलल्याचा हा दाखला इथल्या कुठल्याही फायलीला जोडता येईल.

(शिलाई मशीन. रात्र. अर्ज ‘सेंड’ होतो.)

कॉलेजचं ना-हरकत पत्र, मार्कशीट, शिफारशीची दोन पत्रं, एक पानी सीव्ही. पीडीएफचा आकार मोठा झाला म्हणून आजोबांच्या ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन कमी करून आणला. त्यानं पैसे घेतले नाहीत.

दिल्लीहून होकार आला. एक महिना, मानधन नाही. हिची आत्या नोएडात राहते, त्यामुळे ही निघाली. निवड वर्गातल्या आणखी दोघींचीही झाली होती. त्यांचं दिल्लीत कुणी नाही. येणार नाही म्हणून त्यांनी ईमेलनं कळवलं.