९८० रुपयांचं धनुष्य

नमस्कार श्रोते हो. चहा झाला असेल, नसेल तर घेत घेत ऐका. आजचा विषय पोरासोरांचा आहे, फक्त ती पोरं आता चाळिशीला टेकलीत. आज बोलायचं आहे हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमबद्दल. टीव्हीला जोडायचा तो नव्हे. हा स्वतःच्याच छोट्या पडद्याचा, गेमबॉय.

निन्टेन्डो कंपनीनं तो जपानमध्ये १९८९ साली बाजारात आणला. गुनपेई योकोई या गृहस्थांच्या हाताखाली तो तयार झाला. महागडं नवं तंत्र नको, स्वस्त झालेलं जुनं तंत्र नव्या डोक्यानं वापरा, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पडदा हिरवट, त्यात रंगाच्या चारच छटा, आणि आत दिवा नाही. दिवा नाही म्हणजे उजेडात बसूनच खेळायचं. सेल चार, आपले पेन्सिल सेल.

या पडद्यावर वेगानं काही पळालं की मागे त्याची सावली रेंगाळायची, त्यामुळे धावाधावीचे खेळ जरा धूसरच दिसायचे. पण काही खेळांत गावोगाव हिंडायचं असतं, भेटेल त्याच्याशी बोलायचं असतं, गुहेत उतरायचं, कुलपाची किल्ली शोधायची. रोल प्लेइंग आणि ॲडव्हेंचर गेम म्हणतात ते हे. त्यांना हा मंद पडदा पुरून उरला. १९९६ साली आलेल्या पोकेमॉननं तर कहर केला. त्यात १५१ प्राणी होते, पण एकाच कॅसेटमध्ये सगळे सापडायचे नाहीत. दुसऱ्याचा गेमबॉय वायरनं जोडून अदलाबदल करावी लागे. म्हणजे मित्र हवाच. आताच्या मोबाईलवरच्या गेमला मित्र लागत नाही, दर पाच मिनिटांनी पैसे लागतात. असो.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

माझं आजोळ हरिपूर. सांगलीकरांना हरिपूर सांगायला नको. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि जमिनीखाली हळद साठवायची पेवं. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. पण मी सांगतोय ते त्याच्या आधीचं, मी सहावीत असतानाचं. मामा मस्कतला नोकरीला. मे महिन्यात मामेभाऊ आला तो गेमबॉय घेऊन. आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याच्याकडे कॅसेट एकच, झेल्डा या खेळमालिकेतली, लिंक्स अवेकनिंग नावाची, १९९३ सालची. एक मुलगा जहाज फुटून एका बेटावर येऊन पडतो आणि तिथून सुटायची वाट शोधतो, असा खेळ. सुरुवातीला आपलं नाव घालायचं, पाच अक्षरांच्या आत. दादानं इंग्रजीत दादा असंच घातलेलं. खेळातल्या गावातली सगळी माणसं त्याला दादा म्हणायची. कॅसेट सुरू केली की नावाखाली आपण किती वेळा मेलो तो आकडा येतो. दादाचा आकडा शून्य होता. त्याचा त्याला कोण अभिमान!

त्या बेटावर एक दुकान आहे. तिथं धनुष्य मिळतं, किंमत ९८०. आणि चलनाचं नाव काय? रुपी! मी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "धनुष्याला एवढं रुपयं? आन् ह्यो पैसा मिळवतो कुठनं?" म्हटलं, गवत कापलं की निघतो. आजी म्हणाली, "मग आपल्या गड्याला पाठीव तिकडं."

बरं, खिशात जास्तीत जास्त मावतात ९९९. म्हणजे जवळजवळ सगळा खिसा रिकामा करून ते धनुष्य घ्यायचं. दादा तीन दिवस गवत कापत होता.

एका दुपारी सगळे निजले. मी गेमबॉय उचलला आणि ओसरीवर आलो, कारण आत उजेड नाही. आजी तिथं शेंगा फोडत बसलेली. (शेंगांवरून आठवलं, भडंगात शेंगदाणे हात राखून घालणाऱ्या माणसाशी मी व्यवहार करत नाही.) तर मी दुकानात गेलो, धनुष्य उचललं. दुकानदार सारखी मान वळवून माझ्याकडे बघतोय. मी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. त्याची मान तिकडेच राहिली, आणि मी दारातून बाहेर!

बाहेर आल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली. फुकट मिळालं बरं का, आता अभिमान वाटतोय का, अशा अर्थाची. मी खूश. पुढं गेलो, गावातली पोरं भेटली. आणि ती मला काय म्हणाली? दादा नाही म्हणाली. थीफ म्हणाली. चोर! दुसऱ्याशी बोललो, थीफ. तिसऱ्याशी बोललो, थीफ. सबंध गावानं नाव बदललं होतं, आणि ते नाव दादाचं होतं.

माझा चेहरा बघून आजीनं विचारलं. मी सगळं सांगितलं. आजी म्हणाली, "त्यात काय रडतोस? जा की दुकानात. म्हनावं चुकलं, वस्तू ठेवून घ्या."

मला पटलं. मी परत दुकानात गेलो. आत पाऊल टाकलं, आणि त्या दुकानदारानं वीज सोडून मला जागच्या जागी ठार मारलं. श्रोते हो, चूक कबूल करायला गेलेल्या पोराला!

आजी पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो दुकानदार आपल्यातला न्हवं." आणि शेंगा फोडायला लागली.

घाबरून मी जी बटणं दाबली त्यात खेळ सेव्ह झाला. दादा उठला, त्यानं चालू केलं. नाव थीफ, मरण एक. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. एकदाही न मरता खेळ संपवला तर शेवटी एक जादा दृश्य दिसतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. ते दृश्य मी घालवलं होतं. दादानं चोर म्हणूनच खेळ पुरा केला आणि मस्कतला जाताना गेमबॉय मलाच देऊन गेला.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय, म्हणून कामाचं भरभर सांगतो. माळ्यावर असा गेमबॉय असेल तर आधी सेल काढा. परत सांगतो, सेल काढा, ते पाझरतात आणि पट्ट्या खातात. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली आहे, पण तोंडातल्या ओलीनं धातूची टोकं गंजतात. आणि तिसरं, या कॅसेटच्या पोटात घड्याळासारखा एक चपटा सेल असतो. आपला सेव्ह केलेला खेळ त्याच्या जीवावर टिकतो. तो सेल संपला की खेळ गेला.

माझा गेल्या दिवाळीत गेला. माळा झाडताना गेमबॉय सापडला, सेल घातले, चालू झाला. पण थीफ नव्हता, दादा नव्हता, मरणाचा आकडाही नव्हता. नव्या नावासाठी पाच घरं रिकामी. मी मस्कतला फोन लावला, म्हटलं, दादा, तुझं नाव घालू का?

तो म्हणाला, "नको. थीफ घाल. बरोबर पाच अक्षरं बसतात."