गुडघ्यासाठी कमरेचा व्यायाम

चढाई करणाऱ्या कबड्डीपटूचा पाय मातीत रोवलेला असतो, पकडीतून निसटण्यासाठी धड एकदम वळते आणि कोणाचा धक्का लागलेला नसतानाही गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा, तुटते. सोलापूरच्या मैदानांवर ही दुखापत सर्वांच्या परिचयाची आहे. एसीएल नावाचे हे लिगामेंट बहुतेक शस्त्रक्रियांत नुसते शिवले जात नाही. मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा (दोरीसारखा चिवट भाग) घेऊन त्या जागी बसवला जातो.

अशा शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाच्या व्हिडिओत एक तरुण खेळाडू घडी घातलेल्या सोलापुरी चादरीवर उताणी झोपली आहे. फिजिओथेरपिस्ट तिच्या ओटीपोटावर, कमरेच्या हाडाच्या किंचित आत, दोन बोटे टेकवतात आणि म्हणतात, "श्वास कोंडू नकोस, माझ्याशी बोलत राहा." बोटांखालचा स्नायू हळूच ताठ होतो, पोट मात्र फुगत नाही. दुखणे गुडघ्याचे आणि व्यायाम पोटाचा, हे पाहून घरच्यांना नवल वाटते.

पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू कमरपट्ट्यासारखा कण्याला आधार देतो, आणि निरोगी माणसात तो हात किंवा पाय हलण्याच्या क्षणभर आधीच कामाला लागतो. हा आधार आणि नितंबाच्या बाजूच्या स्नायूंची ताकद कमी पडली, की एका पायावर उतरताना धड कलते, मांडी आत वळते, गुडघा आत कोसळतो आणि सगळा ताण नव्या लिगामेंटवर येतो. अमेरिकेतील 277 महाविद्यालयीन खेळाडूंच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धडावर दिलेला ताण अचानक सोडल्यावर ज्या मुलींचे धड अधिक हलले, त्यांना पुढे गुडघ्याच्या दुखापती अधिक झाल्याचे आढळले. अर्थात, त्या मुली शस्त्रक्रिया झालेल्या रुग्ण नव्हत्या, त्यामुळे त्या निष्कर्षाला आहे त्याहून मोठे करू नये. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद परत मिळवणे हेच पहिले काम राहते. पोटाचे व्यायाम त्याच्या जोडीला असतात, त्याच्या जागी नव्हे.

क्रमही महत्त्वाचा आहे. मांडीच्या मागचा कंडरा काढलेला असेल, तर उताणे झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम सर्जनच्या संमतीशिवाय घाईने सुरू करू नये; वाटीखालचा काढलेला असेल, तर गुडघ्यांवर टेकून करायचे प्रकार दुखरे ठरतात. मोबाइलवरचे प्लँकचे (कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर ताठ तोलण्याचे) व्हिडिओ हा भेद सांगत नाहीत.

पुढे आरशासमोर, एका पायावर उभे राहून पायरीवरून सावकाश खाली उतरणे येते. यंत्रमागावर दिवसभर उभे राहणाऱ्या कामगारालाही हाच टप्पा उपयोगी पडतो. फिजिओथेरपिस्टची नजर येथे गुडघ्याइतकीच खांद्यांवर असते: खांदा एका बाजूला झुकला, की पायरीची उंची कमी केली जाते. कबड्डीच्या मैदानावर परतण्याचा विचार साधारण नऊ महिन्यांनंतरच करावा, आणि तोही ताकदीच्या व उडीच्या चाचण्या झाल्यावर.