रक्ताच्या नमुन्यातून किरणोत्साराचे मोजमाप

श्रोतेहो, नमस्कार. सोलापुरातील रुग्णालयांत क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या छातीवर लावलेला लहानसा टीएलडी बॅज आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या कर्मचाऱ्याला किती किरणोत्सार मिळाला, हे त्यावरून ठराविक काळाने मोजले जाते. पण ज्याच्याजवळ असा बॅज नाही, त्याची मात्रा कशी कळावी? एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेले जुने यंत्र फोडले गेले आणि नकळत किरणोत्सार झालेल्यांपैकी एकाचा मृत्यू झाला, तेव्हा डॉक्टरांसमोर हाच प्रश्न होता.

अशा वेळी रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी उपयोगी पडतात. किरणोत्साराने पेशीतली, आनुवंशिक माहिती वाहणारी गुणसूत्रे तुटतात आणि तुटलेली टोके कधीकधी चुकीच्या जागी जुळून, एरवीच्या एका मध्यबिंदूऐवजी (सेंट्रोमिअर) दोन मध्यबिंदू असलेले गुणसूत्र तयार होते. निरोगी माणसाच्या सुमारे हजार पेशींमागे असे एखादेच आढळते. मात्रा वाढते तसे त्यांचे प्रमाण वाढते. पेशी सुमारे ४८ तास वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो पेशी तपासाव्या लागतात, आणि हे काम अत्यंत चिकाटीचे आहे.

मात्र नुसत्या मोजणीवरून मात्रा कळत नाही. किती मात्रेला किती बिघाड होतो, याचा आलेख आधी तयार असावा लागतो आणि मोजणाऱ्यांची नजर व पद्धत वेगवेगळी असल्याने तो शक्यतो प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः करायचा असतो. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांचे थोडे रक्त घेऊन, नळीतल्या त्या रक्तालाच ठरावीक मात्रेचे किरण देतात. स्वयंसेवकाच्या शरीराला किरणांचा स्पर्शही होत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण अनेकांची भीती नेमकी इथेच असते.

दातांचाही असाच उपयोग होतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९५८ पासून पालकांनी मुलांचे लाखो दुधाचे दात दिले, आणि अणुचाचण्यांतून पसरलेले स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य मुलांच्या हाडा-दातांत साठत असल्याचे त्यातून दिसले.

आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. गावोगावच्या लोकांच्या सहकार्याशिवाय ती चाललीच नसती. म्हणून अशा अभ्यासासाठी तुमच्याकडे रक्त मागायला कोणी आले, तर सहकार्य करा, पण नमुना कशासाठी हवा, तो किती काळ ठेवणार, नाव गुप्त राहील का, हे निःसंकोच विचारा. उत्तरे मराठीत आणि लेखी मिळाल्यावरच संमतिपत्रावर सही करा. नंतर विचार बदलला, तर कारण न देताही माघार घेण्याचा हक्क आपल्याला आहे.