उलथनं आणि मनगट

पत्रिकेत विषय छापलाय ‘गोल्फच्या स्विंगमधली हात आणि मनगटाची जुळणी’. स्विंग म्हणजे काठी मागे उचलून फटका मारणं. भारदस्त आहे. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडचा गोल्फर क्रिकेटमुळे बिघडतो. हसू नका. बॅटीवर डावा हात वर, उजवा खाली, क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठीवरही तसंच. (डावखुऱ्यांनी उलटं करून ऐकावं.) त्यामुळे वाटतं, अर्धं तर येतंच आपल्याला. पण ‘कोपर वर, कोपर वर’ ऐकत वाढलेल्या माणसाचा डावा कोपर चेंडूपाशी बाहेर फाकतो. गोल्फवाले त्याला चिकन विंग म्हणतात. शाकाहाऱ्यांचीही होते.

माझं दुखणं मनगटाचं. सात वर्षं माझा चेंडू उजवीकडच्या झाडीत जायचा, नाहीतर गवतावरून सरपटायचा. एकदा पुण्यात क्लबांची पिशवी वाहणाऱ्या एका जुन्या कॅडीमामांना राहवलं नाही. म्हणाले, “साहेब, थालीपीठ उलटताय का?” खरंच की! चेंडू वर जावा म्हणून मी क्लब त्याच्या खाली उलथन्यासारखा घालत होतो. मामा म्हणाले, “उचलायचं काम लोखंडाचं. तुम्ही नुसतं दाबून मारा.” बरोबरच आहे. सात नंबरच्या आयर्नचं, म्हणजे लोखंडी क्लबचं, तोंड मुळातच तीसेक अंश मागे कललेलं असतं. तुम्ही आणखी कशाला उचलता?

मग त्यांनी स्कोअरकार्डाची पेन्सिल माझ्या घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवली. मी घरी पट्टी वापरली. ही बघा, सहा इंची. अर्धी पंजाच्या पाठीवर, अर्धी मनगटाच्या वर. फिरवा सगळ्यांत. उलथताना डावं मनगट मागे, म्हणजे पंजाच्या पाठीकडे, मोडलं की टोक हातात रुततं. पहिल्या दिवशी असा वळ उठला की बायकोनं विचारलं, “कुठल्या मास्तरांनी मारलं?”

काय? पाचच मिनिटं? अहो, मुख्य भाग राहिलाय.

बरं, भराभर सांगतो. अमेरिकेचा जुना नामवंत गोल्फर बेन होगन. त्याला हूकचा त्रास, चेंडू डावीकडे वळायचा. म्हणून स्विंगच्या माथ्यावर, म्हणजे क्लब मागे पुरता उचलला की, तो डावं मनगट जरा मागे मोडायचा. 1955 साली ‘लाइफ’ मासिकात त्याचं हे ‘गुपित’ छापून आलं. अलीकडचा अमेरिकन गोल्फर डस्टिन जॉन्सन अगदी उलट, माथ्यावर मनगट पुढे वाकवतो, आणि 2016 ची यूएस ओपन जिंकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा पापवा सेवगोलम तर उजव्या हातानं खेळूनही डावा हात खाली धरायचा; तीनदा डच ओपन जिंकला. माथ्यावर तिघांचं तीन तऱ्हांचं! म्हणून माथ्यावरच्या फोटोवरून कुणाला शिकवू नका. क्लब चेंडूला भिडतो तो सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. तेव्हा डाव्या पंजाची पाठ निशाणाकडे, मनगट सपाट किंवा किंचित पुढे झुकलेलं, हात चेंडूच्या पुढे. उजवं मनगट मात्र मागे मोडलेलंच राहू द्या, ते सरळ करायची घाई नको. आणि कोपर... कोपराचं चहाला बोलू.

पट्टी कुणाकडे आहे? परत द्या हो, नातीच्या कंपासपेटीतली आहे.