घर बुडालं

(दृश्य: वेंगुर्ले तालुका, आषाढ. कौलांवरून पागोळ्या गळताहेत.)

हे घर गणपतीत उघडतं. चार दिवस चूल पेटते, आरत्या होतात, मग चाकरमानी मुंबईला परततात आणि दाराला पुन्हा कुलूप लागतं. आज मात्र भर आषाढात याची ओटी झाडली आहे. मालकांना विचारून अकरावीचा वर्ग इथे भरला आहे.

बाई वाचताहेत एडगर ॲलन पो यांची १८३९ सालची कथा, अशर घराण्याची. ही गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तूभोवती फिरणारी भयकथा. अशा कथेची सुरुवात सहसा होरेस वॉलपोल यांच्या १७६४ सालच्या कादंबरीपासून धरतात. तिथे किल्ला होता, इथे तळ्याकाठचा जुना वाडा.

वाचण्याआधीच बाईंनी एक वाक्य बंद करून टाकलंय: ‘लेखकाने भीतीदायक वातावरणनिर्मिती केली आहे.’ परीक्षेत त्याला गुण मिळतात, पण ते लिहिलं की मुलं विचार करायचं थांबतात.

त्याऐवजी वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे घर, उजवीकडे माणूस. डावीकडे एक मुलगी लिहिते: वळचणीला जाळ्यासारखी लोंबणारी बुरशी. दोन पानांनंतर रॉडरिक अशर भेटतो. त्याचे केस कोळ्याच्या जाळ्याहून मऊ, विरविरीत. ती मान वर करून बाईंकडे बघते. या क्षणासाठीच सगळा खटाटोप. ‘घर भयाण आहे, माणूस आजारी आहे’ अशी दोन सुटी उत्तरं तिथे संपतात. रॉडरिक कित्येक वर्षं घराबाहेर पडलेला नाही. मंद उजेडही त्याच्या डोळ्यांना सोसत नाही, फुलांचा वास नकोसा होतो. भिंतींच्या दगडांना जाणीव आहे असं तो मानतो. मग घराने त्याला असा केला, की त्याच्या मनाने घराला? मुलं भांडतात आणि बाई त्यांना भांडू देतात.

मागून एक मुलगा या ओटीबद्दलच बोलतो, “बाई, हयसर कोणाचो वासच येणा नाय, म्हणान भीती वाटता.” ना भाताचा वास, ना धुराचा. रिकामं घर माहीत असलेली मुलंच हे असं वाचू शकतात, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पो सांगतात, तिथल्या गावकऱ्यांच्या बोलण्यात ‘अशरांचं घर’ म्हणजे वास्तूही आणि कुटुंबही. आपल्या मुलांना हे समजावून द्यावं लागत नाही. वंश खुंटला की आपणही ‘घर बुडालं’च म्हणतो. कथेच्या शेवटी रॉडरिक आणि त्याची बहीण या दोघांचाही अंत होतो, सुरुवातीला दिसलेली भिंतीतली बारीक फट रुंदावते आणि वाडा खरोखरच तळ्यात बुडतो.

(दृश्य: मुलं पावसातच घराभोवती फिरताहेत.)

आता लिहायचं आहे, पण माणूस न दाखवता. फक्त घर.

एका मुलीने खिडकीच्या गजांतून आत पाहून दोनच ओळी लिहिल्यात: भिंतीवर कालनिर्णय आहे. पान सप्टेंबरचं.

बाई तिची वही हातात घेतात. “आता सांग, या घरात कोण राहतं?”