चर्चमध्ये लागलेला गंधार

नमस्कार मंडळी. आपल्या मंडळात गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी एक सुचवायचं आहे, पण आधी एक आठवण.

गेल्या डिसेंबरात मी माहेरी, बेळगावला होते. वर्ष सरायला चार दिवस उरले होते आणि कॅम्पातल्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये गाणं शिकणाऱ्या मुलांची बैठक होती. माझी भाची गाणार, म्हणून गेले.

माइक ठेवलाच नव्हता. उंच छत, दगडी भिंती, उघडी फरशी. अशा ठिकाणी स्वर लवकर विझत नाही. तो विरायच्या आत पुढचा त्याच्यावर येऊन पडतो. पहिला मुलगा जेमतेम सोळाचा. यमन रागाच्या द्रुत, म्हणजे जलद लयीतल्या, चिजेत त्यानं दाणेदार ताना घेतल्या आणि मागच्या बाकांवर आम्हाला नुसता गलका ऐकू आला. गुरुजींनी बसल्या जागेवरून हात हळूच खाली केला. पोरानं ताना सोडल्या, तबलजीला थांबवलं, गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, लावला आणि गप्प राहिला. तंबोरा नीट जुळला असेल तर खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार आपसूक ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. मुलाचा गंधार छताकडून परतला तो थेट त्यात मिसळला. इतकी वर्षं गाणं ऐकते, पण हे मी प्रथमच ऐकलं.

गुरुजी दाद देत होते कानडीत, मुलं 'बरं झालं का?' विचारत होती मराठीत. 1956 पासून आमच्या भागानं भाषेपायी काय सोसलं, ते आपल्या मंडळातल्या बेळगाव-निपाणी-खानापूरकरांना सांगायला नको. पण बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली कानडी घरात जन्मलेल्या कुमार गंधर्वांना आम्ही कधी परकं मानलं नाही. त्या संध्याकाळीही कुणी कुणाला परकं नव्हतं.

आता आपल्या मंडळाचं. आपला गणपतीही चर्चच्या हॉलमध्येच बसतो. आपली पाच-सहा मुलं मनापासून गाणं शिकताहेत आणि त्यांना आपण देतो पाच मिनिटं, तीही जेवणाची रांग लागल्यावर. मला याचं फार वाईट वाटतं. त्यांना वर्षाअखेरची एक अख्खी संध्याकाळ द्या. हॉल नको, शेजारचं चर्चच मागूया. माइक नको. विलंबित, संथ लयीत गाऊ द्या, थांबू द्या.

मी विचारून आले आहे, डिसेंबरातला तिसरा शनिवार मोकळा आहे. मिरजेचा तंबोरा माझ्या घरी आहे. त्याची जवारी, म्हणजे स्वराला झंकार देणारी तारांची घोडीवरची बैठक, तेवढी कुणीतरी जाणकारानं लावून द्यायला हवी.