ध्येय राहू दे, गाडी कितीची ते सांग!

नमस्कार मंडळी! मागे दिसतोय तो आपला ठाण्याचा उपवन तलाव. पाडवा होऊन आठवडाच झालाय, त्यामुळे ही गर्दी. नवे बूट, नव्या बाटल्या, हातात नवी घड्याळं. पाऊस सुरू झाला की यातली बरीच मंडळी गायब होतात, हे इथे रोज येणाऱ्या कुणालाही विचारा. मी त्यांना आळशी म्हणणार नाही. त्यांनी ठरवलेलं असतं, "यंदा तब्येतीकडे लक्ष द्यायचं." आता सांगा, सोमवारी सकाळी सहा वाजता उठून 'लक्ष' द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एडविन लॉक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच यावर लिहून ठेवलंय. "जमेल तेवढं कर" असं सांगितलेल्या माणसापेक्षा ठरावीक आणि जरा अवघड लक्ष्य दिलेला माणूस जास्त काम करतो. पण ते लक्ष्य त्याला स्वतःला पटलेलं हवं. शेजारच्यांचा मुलगा एमपीएससी झाला म्हणून तुम्ही फॉर्म भरलात, तर ते लक्ष्य शेजारच्यांचं. ते खुशाल सोडून द्या, अपराधी वाटून घेऊ नका.

आता तुमचं स्वतःचं घेऊ. समजा, तुम्ही राहता वर्तकनगरला, नोकरी बेलापूरला आणि खात्याची परीक्षा द्यायचीय. "रोज दोन तास अभ्यास." ऐकायला छान आहे हो! पण संध्याकाळी ठाण्याला उतरणार, स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर टीएमटीच्या बसच्या रांगेत उभे राहणार, घरी पोचेपर्यंत आठ. मग जेवण, पोराचं शाळेचं प्रोजेक्ट, गावाहून आईचा फोन. दोन तास आणायचे कुठून? ते तुमच्या दिवसात नाहीतच. आणि रात्री अकरा वाजता वाटतं, आपल्यातच जिद्द कमी आहे.

जिद्द राहू दे बाजूला, सकाळची गाडी बघा. ट्रान्सहार्बर मार्गावरची पनवेल लोकल ठाण्याहूनच सुटते. नेहमीच्या गाडीच्या आधीची धरली, तर बसायला जागा मिळण्याची शक्यता वाढते आणि बेलापूरपर्यंत पाऊण तासाच्या आसपास तुमच्या हातात असतो. मग वहीत वाक्य असं लिहा : "गाडीत बसलो की ऐरोली यायच्या आत प्रश्नपत्रिका बाहेर." त्याच्याखाली दुसरं : "जागा मिळाली नाही, तर कालच्या नोट्सचं माझं रेकॉर्डिंग कानात." दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. जागा न मिळण्याचे दिवस येणारच, आणि त्या दिवशी दारात लटकत विचार करायला डोकं जागेवर नसतं. ते आदल्या रात्रीच ठरलेलं बरं.

पीटर गोलविट्झर या जर्मन संशोधकाने नेमकं हेच तपासलं. १९९७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना काम दिलं : नाताळची संध्याकाळ कशी घालवली, ते दोन दिवसांच्या आत लिहून पाठवा. त्यातल्या काहींकडून कधी आणि कुठे बसून लिहिणार, एवढंच आधी लिहून घेतलं. त्यांच्यातल्या चारपैकी तिघांनी, म्हणजे साधारण तेवढ्यांनी, वेळेत पाठवलं. बाकीच्यांत हे प्रमाण तिघांत एकाच्या आसपास. सणासुदीच्या दिवसांत, बरं का!

आणि मूड? तो बहुतेक वेळा कामाच्या मागून येतो. पहिले दोन प्रश्न जांभया देत सोडवता, तिसरा जमला की जरा हुरूप येतो. म्हणून घरातल्या कालनिर्णयवर तास लिहू नका, सोडवलेले प्रश्न लिहा. तास फसवतात. तासभर पुस्तक मांडीवर ठेवून रील बघणारे आपण सगळे आहोत.

एकवीस दिवसांत सवय लागते, असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. तो विसरा. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण ही सरासरी झाली. कुणाचे १८, तर कुणाचे अंदाजे २५४! त्यामुळे बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला, तर तुमचं काही बिघडलेलं नाही. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं, एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे रविवारी मेगाब्लॉकने गाडी बुडाली किंवा घरी पाहुणे आले, तरी सोमवारी पुन्हा तीच गाडी. "आता पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून" हे मात्र नको.

जाता जाता एक. व्हॉट्सअॅपवर स्टेटस टाकून ध्येय जाहीर करायची घाई करू नका. गोलविट्झर यांनीच २००९ मध्ये दाखवलं, की "मला अमुक व्हायचंय" हा इरादा दुसऱ्याने वाचला, की काही वेळा माणसाची मेहनत कमी होते. टाळ्या आधीच मिळाल्या, आता कशाला घाम गाळायचा! तेव्हा खाली कमेंटमध्ये "मला अधिकारी व्हायचंय" असं लिहू नका. गाडी कितीची, बसल्यावर बॅगेतून काय काढणार आणि जागा नाही मिळाली तर काय, एवढंच लिहा. मी सगळ्या वाचतो. ट्रान्सहार्बरवाल्यांच्या आधी!